लिनक्सची सीडी आणि बाबांचा अर्ज

पनवेलजवळच्या गावच्या घरी कपाट आवरताना आज ती सीडी सापडली. तिच्यावर मार्करने मीच ऐटीत लिहिलंय, 'लिनक्स'. बघताच डोकं फिरलं. स्वतःच्याच थोबाडीत द्यावीशी वाटली.

कॉलेजात असताना मी ही फुकटची सिस्टीम घरच्या कॉम्प्युटरवर टाकली. विंडोज पुसली, बाबांच्या फायली मात्र जपून ठेवल्या. गावातून जाणारे न्हावा शेवा बंदराचे अवजड ट्रेलर बंद करा, असा त्यांचा अर्ज त्यात होता. दुसऱ्याच दिवशी ग्रामसभा होती. फाईल उघडली तर मराठीच्या जागी नुसती वेडीवाकडी चिन्हं. बाबांचा मराठी फॉन्ट विंडोजबरोबरच गेला होता.

"आरे, येकयेक अक्षर शोधून लिवलंय मी. आता नाय दिसनार?" बाबांनी विचारलं.

"तुमचा फॉन्टच भंगार, त्याला मी काय करू?" मी खेकसलो.

बाबा वही घेऊन अख्खा अर्ज पुन्हा हाताने लिहायला बसले. पेनाची करकर ऐकू येत होती आणि मी शेजारी बसून वॉलपेपर बदलत होतो.

त्या फॉन्टची सीडी याच कपाटात होती. परत टाकायला दहा मिनिटं लागली असती. मला ते तेव्हाही माहीत होतं.