घासल्यावरचा रंग

किस्से जमवावे लागत नाहीत हो, भिलाई स्टीलच्या आमच्या क्वार्टरमध्ये ते ह्यांच्या पँटच्या खिशातून येतात. खाणीतले दगड तपासणाऱ्या सेक्शनमधला नवरा असला की धुण्याआधी खिसे उलटे करायचे, एवढं मी शिकले. बी.ए.चा तेवढाच उपयोग!

*

सेक्शनचे हेड वानखेडेभाऊ, भंडाऱ्याकडचे. नव्या लागलेल्या ढोबळेने एक काळा, चकचकीत दगड पाहून सांगून टाकलं, "सर, कोळसा!"

भाऊंनी तो चिनीमातीच्या खरखरीत तुकड्यावर घासला. रेघ उमटली लालभडक. लोखंडाचा दगड!

"वरचा रंग काय पाहून राह्यला बे? घासल्यावरचा पाह्य!"

ढोबळे बिचारा रंगाने काळाच. म्हणाला, "सर, हे माह्या होणाऱ्या सासऱ्याले सांगा ना!"

*

शेजारच्या लीलावहिनींकडे हळदीकुंकू होतं. कुंकू संपलेलं, सुपेल्याच्या बाजारात जायला वेळ नाही. वहिनींनी कोपऱ्यातल्या पुडीतली लाल पूड करंड्यात भरली. दुसऱ्या दिवशी अख्ख्या लाइनीतल्या बायकांची कपाळं पुसता पुसेनात, आणि ह्यांच्याच सेक्शनमधला वहिनींचा नवरा घरभर सॅम्पल शोधतोय!

भाऊ कडाडले, "वॅगन थांबून राह्यली तिकडे, अन् तुमचं सॅम्पल माह्या बायकोच्या कपायावर!"

*

दगड हातावर तोलायची ह्यांना भारी सवय. बेबी झाली तेव्हा तिलाही तळहातांवर घेऊन तोललं आणि म्हणाले, "आकाराच्या मानाने हलकी आहे."

सासूबाई ओरडल्या, "गोटा नाही बाबू, लेक आहे तुही!"

सगळे हसले. मलाच हसू आलं नाही. मी मेली अशीच, हसायच्या जागी मनात नोंद करून ठेवते.

*

शंका आली की ही मंडळी दगडाला जीभ लावतात. चिकटली, तर आत माती जास्त. बेबी हे बघून शिकली. भिंत, कुंडी, चूल, काही सोडत नाही. आणि दिवसेंदिवस पांढरी पडत चाललेली.

दवाखान्यातल्या डॉक्टरांनी तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"मिट्टी खाती है क्या?"

माझ्या तोंडून निघून गेलं, "खाती नहीं साहब, टेस्ट करती है!"

डॉक्टर हसले नाहीत. रक्त फार कमी आहे म्हणाले आणि लोखंडाचं औषध लिहून दिलं. भिलाईत राहून लोखंड कमी!

*

आता परवाचं. औषध चालू आहे. मी रोज पापणी ओढून बघते. सकाळी गुलाबी वाटते, दुपारी वाटत नाही. ह्यांना विचारलं तर म्हणतात, "तू बघूच नको."

रविवारी भाऊ चहाला आले होते. त्यांना बघून बेबी दुडदुडत निघाली आणि चुन्याने रंगवलेल्या पायरीवर आपटली. गुडघा घासला गेला. मी धावत जाऊन तिला उचललं.

पांढऱ्या पायरीवर रेघ उमटली होती.

हे त्या रेघेकडे बघत राहिले. मग भाऊंकडे. भाऊ हातातला कप ठेवून खाली वाकले. रेघ पुरी उमटायच्या आत दगडाचं नाव सांगणारा माणूस! बेबी रडून थांबली, तरी ते वाकलेलेच.

"कावून बोलत नाही, भाऊ?" मी विचारलं.

भाऊंनी खिशातून रुमाल काढला, थुंकीने ओला केला आणि पायरी स्वच्छ पुसून टाकली.

"वैनी," ते म्हणाले, "हे टेस्ट माणसाईले लागू नाही."