वर चढणारी नक्षी

जळगावच्या पिंप्राळ्याला घरामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आमचं दार-खिडक्यांचं वर्कशॉप होतं. ते सासऱ्यांनी उभं केलेलं. त्यांच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि माझे यजमान एसटीच्या नोकरीत, म्हणून शेड माझ्याकडे आली. ऑर्डर घेणं, लाकूड आणणं आणि मशीनवरच्या माणसावर नजर ठेवणं ही माझी कामं. नजर ठेवायला मला कोणी सांगितलं नव्हतं. तो माझा स्वभावच.

मशीनवर नाना होते. फैजपूरकडचे, माझ्याहून वयाने बरेच मोठे, आणि आमच्याकडे नुकतेच आलेले. त्यांच्या ताब्यात स्पिंडल मोल्डर होता. म्हणजे लोखंडी टेबल, मधल्या भोकातून वर आलेला फिरता दांडा आणि त्या दांड्यावर जाड कटर. लाकडाची पट्टी टेबलावरच्या सरळ टेकणाला लावून पुढे ढकलली की तिच्या काठावर नक्षी उमटते.

त्या वर्षांत जळगावात नव्या कॉलन्या उठत होत्या आणि प्रत्येकाला शेजाऱ्यापेक्षा वेगळी नक्षी हवी असायची. आमच्याकडे मोजकेच कटर. धुळ्याच्या एका हार्डवेअरवाल्याने त्यावर उपाय दाखवला. मशीनचा दांडा बदलायचा आणि त्या जागी कोलेटचा दांडा बसवायचा. कोलेट म्हणजे चिरा असलेली पोलादी नळी. नट आवळला की ती आवळते आणि आतल्या बिटाची, म्हणजे छोट्या कटरची, दांडी घट्ट धरते. मग राऊटरची, म्हणजे हातात धरून नक्षी कापायच्या मशीनची, छोटी बिटं याच मशीनवर चालतात.

"राऊटर तर आपल्या मशीनच्या दुपटीहून जास्त वेगानं फिरतो," मी म्हटलं. "मग इथे हे बिट कापेल कसं?"

"हळू ढकलायचं वहिनी," तो हसत म्हणाला, "आणि एका दमात खोल नाही कापायचं. थोडं थोडं घ्यायचं. मोठ्या तोंडाचं बिट मात्र यात लावू नका."

उत्तर बरोबर होतं, तरी त्याचं हसणं मला पटलं नाही. दांडा आणि बिटं घेऊन दुकानातून निघताना त्याने आणखी एक गोल नक्षीचं बिट पुडीत टाकलं. म्हणाला, "हे माझ्याकडून." फुकट दिलेल्या वस्तूबद्दल मला नेहमीच शंका येते. पण नक्षी सुंदर होती, म्हणून मी घेतलं.

पहिल्या बिटांवर काम छान झालं. मग एका कॉलनीतल्या घराच्या खिडक्यांना ती गोल नक्षी लावायला घेतली आणि गडबड सुरू झाली. पट्टीच्या एका टोकाला नक्षी जिथे असायची, दुसऱ्या टोकाला त्याहून वर चढलेली असायची. चौकट जोडली की कोपऱ्यात नक्षीला नक्षी मिळेना. सागवान वाया जायला लागलं.

"नाना, दांड्याची उंची हलवली का?"

"मन्हा हात लागना नही, वहिनी. बठ्ठं बराबर शे."

सगळं बरोबर आहे म्हणत होते, पण माझा विश्वास बसला नाही, त्याला कारणही होतं. पलीकडच्या रस्त्यावरच्या मोठ्या वर्कशॉपचा मालक नानांबरोबर टपरीवर चहा पिताना माझ्या सासऱ्यांच्या मित्राने पाहिला होता. मी मनात सगळं जुळवलं. माणूस फोडायचा, आमचं काम बिघडवायचं आणि गिऱ्हाईक तिकडे वळवायचं. त्या दिवसापासून मी शेडमध्ये दर थोड्या वेळाने काहीतरी शोधायला जायला लागले. कधी सुतळी, कधी मोजपट्टी. नाना मान वर करून बघत आणि परत कामाला लागत. ते बघणंही मला चोराचं वाटायचं.

शेवटी मी पुरावा गोळा करायचं ठरवलं. नाना जेवायला गेल्यावर मेन स्विच पाडला आणि नेलपॉलिशने एक बारीक रेघ ओढली. अर्धी नटावर, अर्धी बिटाच्या दांडीवर. बिट कोणी सोडून वरखाली केलं तर रेघ तुटणार.

संध्याकाळी काम संपल्यावर मेन पाडून मी वाकून बघितलं. रेघ तुटली होती. दांडीवरचा लाल तुकडा नटापासून चांगला वर गेला होता. पण दांडीच्या पलीकडच्या बाजूला खडूची दुसरी रेघ होती, तीही तशीच तुटलेली. ती माझी नव्हती.

म्हणजे शेडमध्ये तिसरं कोणी येतं? मी नानांना हाक मारली.

"ही पांढरी खूण कोणाची?"

नानांनी वाकून दांडीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मन्ही. आनी लाल?"

"माझी."

मी सारखी मशीनपाशी का घुटमळते याचा नानांनाही संशय आला होता, म्हणून जेवायला जाताना त्यांनीही खूण केली होती. त्यांना वाटलं, मला त्यांना काढायचंय आणि बिघडलेलं काम दाखवून काढायचंय.

आता दोघांनीही एकमेकांसमोर बिट बसवलं. दांडी कोलेटमध्ये पूर्ण खाली घातली आणि बुडाला टेकू नये म्हणून जराशी वर ओढली. नाना पान्याने आवळत होते आणि मी डोळे लावून बघत होते. नवी रेघ ओढली, मशीन चालू केलं, एक पट्टी काढली. मशीन थांबल्यावर, मेन पाडून बघितलं. रेघ तुटली होती. आमच्या दोघांच्या डोळ्यांदेखत, कोणाचाही हात न लागता, बिट आपणहून वर सरकलं होतं.

नाना एकदम टेबलापासून मागे झाले. पट्टी ढकलताना ते पोट टेकवून जिथे उभे राहत, त्याच्या समोरच ते बिट फिरत होतं. आणखी थोडं वर आलं असतं तर सुटून उडालं असतं.

सासऱ्यांचा व्हर्नियर, बारीक मापं घ्यायची पट्टी, काढला. आधीच्या बिटांच्या दांड्या अर्ध्या इंचाच्या, कोलेटही अर्ध्या इंचाचं. फुकटात आलेल्या बिटाची दांडी बारा मिलिमीटर, म्हणजे अर्ध्या इंचाहून पाऊण मिलिमीटरपेक्षाही कमीने बारीक. फरक इतका कमी की डोळ्याला दिसत नाही. नट आवळला की घट्ट बसल्यासारखं वाटतं, पण पकड धड नसते.

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं एसटीने धुळ्याला गेलो. हार्डवेअरवाल्याने दोन्ही बिटं, आधीचं एक आणि फुकटातलं, हातात घेतली.

"एकच माप आहे की वहिनी."

मी व्हर्नियर लावून दाखवला. त्याने दोनदा पाहिलं आणि ते बारीक दांडीचं बिट अर्ध्या इंचाच्या बिटांच्या खणात परत टाकायला लागला.

"त्या खणात नको!" नाना ओरडले. दुकानातलं गिऱ्हाईक वळून बघायला लागलं.

"मिसळलं असेल हो," तो म्हणाला आणि बिट वेगळ्या डबीत ठेवलं. त्याला आधीपासून माहीत होतं, का ते खरंच चुकून मिसळलं होतं, हे मला आजही सांगता येणार नाही. आम्ही दुकान सोडल्यावर ती डबी कुठे गेली, तेही नाही. त्याच्याकडून मी परत काही घेतलं नाही.

परतीच्या एसटीत नाना खिडकीशी बसले होते. पारोळा गेल्यावर म्हणाले, "वहिनी, तुमले खरंच वाटनं, मी मुद्दाम करस?"

"वाटलं. त्या मालकाबरोबर चहा घेत होतात ना?"

"त्यानी इचारं, मन्हाकडे कामले येस का म्हनून. मी नही म्हनं." मग म्हणाले, "माले बी तुमना वर शक व्हता."

मी मान हलवली. पुढे कंडक्टर कोणाशी तरी सुट्ट्या पैशांवरून भांडत होता, ते आम्ही दोघं ऐकत राहिलो.

खिडक्यांच्या पट्ट्या नव्याने काढल्या, अर्ध्या इंचाच्या दुसऱ्या बिटावर, दोन-दोन वेळा थोडं थोडं कापून. घरमालक उशिराबद्दल कुरकुरला, पण खिडक्या घेतल्या. नाना नंतर बरीच वर्षं आमच्याकडे राहिले. नवं बिट आलं की आधी मी मोजायची, मग ते मोजायचे, आणि माप एकमेकांना मोठ्याने सांगितल्याशिवाय कोणी नटाला हात लावत नसे.