टिटवीची चार अंडी

नत्थुजींच्या शेतात टिटवीने चार अंडी घातली आणि त्यांनी वहीत ‘यश’ या रकान्यात ठोकून दिलं: चार. दर्यापूरकडे टिटवीची चार अंडी म्हणजे चार महिने पाऊस, यापेक्षा मोठं यश कोणतं? पण वही प्रणालीची होती. अमरावतीहून संशोधनासाठी येणाऱ्या या मुलीने घरट्यांवर लक्ष ठेवायला त्यांना नेमलं होतं. तिने तो आकडा खोडला.

“काका, अंडी म्हणजे यश नाही. कोणी उडालेली पिल्लं मोजतं, कोणी आणखी काही. शास्त्रज्ञांचंही यावर एकमत नाही. मी नातवंडं मोजते. पिल्लांना पिल्लं झाली, तर खरं.”

आठवडाभरात मुंगसाने तीन अंडी खाल्ली, तेव्हा पोरीचं म्हणणं नत्थुजींना पटलं. पटलं आणि झोंबलं. त्यांना तीन मुलगे. एकेकाळी गावात ओटी भरायला पहिलं बोलावणं त्यांच्या बायकोला, सुभद्राबाईंना असायचं. आता थोरला नितेश सदतीस वर्षांचा, धाकट्यांचीही तिशी उलटलेली, आणि शेतकऱ्याच्या घरी पोरगी द्यायला कोणी तयार नाही. प्रणालीच्या रीतीने मोजलं, तर नत्थुजींचा रकाना कोराच!

माणसाला चैन पडेना. शेतातून घरी, घरून पुन्हा शेतात. जेवणावर लक्ष नाही, बायकोवर उगाच डाफरणं. कारण रकाना भरायची एक वाट त्यांनीच बंद केली होती. नितेश नांदगाव पेठला कापड कारखान्यात कामाला. तिथल्या माधवी नावाच्या विधवेशी लग्न करतो म्हणाला. तिला एक मुलगी. “दुसऱ्याचं लेकरू माह्या घरात नाई पायजे!” नत्थुजी गरजले होते. त्याला सहा महिने झाले. नितेश परत घरी फिरकला नव्हता.

शेवटी न राहवून त्यांनी प्रणालीला विचारलंच, “पोरी, एखाद्या पाखरानं दुसऱ्याचं पिल्लू वाढवलं, तं तुह्या वहीत धरशीन का?”

प्रणाली खोटं बोलणाऱ्यातली नव्हती. “नाही काका. रक्ताचंच धरतात.”

“मंग नोको धरू!” नत्थुजी एकदम चिडले. वही तिच्या हातात दिली, बाभळीखाली गेले आणि फोन लावला.

“नितेश, आयतवारी माधवीले घेऊन ये. पोरीलेबी आण.”

“बाबा?” नितेशला खरं वाटेना.

“आयकून राहिला ना रे?” नत्थुजींनी फोन कानाशी घट्ट धरला. “मले सांग, तिचं नाव काय हाय? म्या कधी इचारलंच नाई.”