डाव्या पायाचा किकर

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. आईला नाही, नवऱ्याला नाही, देवापुढे बसूनही नाही — देवापुढे तर मी डोळे मिटून भलतंच काहीतरी मागत राहिले. आज तुम्हाला सांगतेय, कारण येत्या रविवारी छावणीतल्या हॉलमध्ये माझा एक नंबरचा शर्ट दोरीनं छताला चढवणार आहेत, आणि मला या सगळ्या कौतुकाची शिसारी आली आहे.

शर्टाचं खूळ आमच्या मुलींचं. खेळातून निवृत्त झाल्यापासून मी हॉकी शिकवते, गोलकीपर तयार करते. एक दिवस सराव संपल्यावर मुलींनी मोबाइलवर एक व्हिडिओ दाखवला. स्वीडनचा कुणी मोठा गोलकीपर, बर्फावरच्या हॉकीतला. कितीतरी वर्षं एकाच क्लबच्या जाळीत उभा राहिलेला. हॉल गच्च भरलेला, दिवे मंद, आणि त्याच्या नंबरचा शर्ट तारांवरून हळूहळू छताकडे जातोय. तो मान वर करून बघतोय, डोळे पुसतोय. मुली म्हणाल्या, "मॅडम, तुमचा पण असाच चढवायचा." झालं. कुणीतरी शेतातल्या विहिरीची कप्पीसुद्धा आणून दिली. मी हसले. नको म्हणाले, पण कसं? लोकांनी आग्रह करावा अशा बेतानं.

मग घरी आल्यावर मी त्या माणसाचे सापडतील तेवढे व्हिडिओ बघितले. कशासाठी? सांगते. त्यांच्या खेळात दुसरा गोलकीपर बाकावर बसलेला असतो, डोक्यावर साधी टोपी. बाकीचे खेळाडू आत-बाहेर करतात तेव्हा तो कधीकधी उठून त्यांना फाटक उघडून देतो. माझी नजर त्या टोपीवाल्यावरच जायची. हा मोठा माणूसही सुरुवातीला असाच दुसरा होता म्हणे. एक दिवस त्याला जाळीत उभं केलं, आणि मग तो तिथून हललाच नाही. मला एकच प्रश्न पडायचा — त्या दिवशी पहिल्या गोलकीपरनं याच्या पायातली एक स्केट लपवून ठेवली असती तर? आज छताला कुणाचा शर्ट लटकला असता?

हा प्रश्न सगळ्यांना पडत नाही. मला पडतो, कारण मी ती पहिली आहे.

आमच्या क्लबात तेव्हा धड किट एकच होतं. पायांचे पॅड, छातीचं पॅड, हेल्मेट, हातमोजे, आणि किकर. किकर म्हणजे गोलकीपरच्या बुटावर पट्ट्यांनी आवळायचा जाड फोमचा ठोकळा. त्याच्याशिवाय कुणी शहाणा माणूस गोलात उभा राहत नाही, चेंडू पायाची हाडं मोडतो. हे सगळं एका पोत्यात भरायचं. आमच्यात रीत ठरलेली होती — पोतं भरून सुतळीनं बांधायचं काम पहिल्या गोलकीपरचं, ते वाहायचं काम दुसरीचं. पहिली मी. दुसरी शोभा.

शोभा पाचोडची. मुलींच्या वसतिगृहात राहायची, सायकलच्या कॅरिअरवर पोतं बांधून मैदानावर यायची. मी शहरातली, बाप सरकारी कचेरीत कारकून, घरात खेळाचं अप्रूप. वयात एका वर्षाचा फरक, तरी ती मला वसुताई म्हणायची. आणि ती माझ्यापेक्षा चांगली होती. हे वाक्य मी तीस वर्षांत पहिल्यांदा लिहितेय. मी गोलरेषेला चिकटून उभी राहायची, चेंडू येईल तेव्हा बघू अशी. ती पुढे धावून जायची, समोरच्या पोरीला विचार करायला वेळच द्यायची नाही. मला लोक "दगडी भिंत" म्हणायला लागले ते पुढे. भिंत कशाची? जागचं हलायची भीती होती, दुसरं काही नाही.

राज्याच्या संघाची निवड आमच्याच मैदानावर ठेवली होती. किट एकच, म्हणून आधी मी, मग ती. माझ्या वेळेला तीन गोल झाले. तिसरा तर पायांमधून गेला. माझं संपेपर्यंत ऊन उतरलं होतं, तेव्हा निवड करणारे म्हणाले, दुसऱ्या मुलीला उद्या सकाळी बघू. बाकी जिल्ह्यांच्या मुली आपापलं सामान घेऊन तेव्हाच परत निघाल्या.

मी मैदानाच्या कडेला बसून किट उतरवलं. पोतं भरलं. पॅड घातले, हेल्मेट घातलं, उजव्या पायाचा किकर घातला. डाव्या पायाचा माझ्या पिशवीत, टॉवेलखाली.

आता तुम्ही म्हणाल, क्षणभर बुद्धी फिरली असेल. फिरली नव्हती! मी आधी आजूबाजूला कोण आहे ते बघितलं. पोत्याचा एक कोपरा उसवलेला आहे, हेही मला माहीत होतं. महिनाभर मीच शोभाला "शिवून घे गं" म्हणत होते. मग सुतळीची गाठ नेहमीपेक्षा घट्ट मारली. चूक झाली, चूक झाली असं म्हणायची आपल्याकडे सोय आहे. चूक भाजीत मीठ जास्त पडलं की होते. ही चूक नव्हती.

किट वाळवायला ऊन नव्हतंच, त्यामुळे पोतं वसतिगृहाच्या व्हरांड्यात तसंच बांधलेलं राहिलं. सकाळी मैदानावर शोभानं सुतळी सोडली. एक किकर निघाला. तिनं पोतं उलटं केलं, झटकलं, आत हात घातला, आणि तो हात उसवलेल्या कोपऱ्यातून बाहेर आला. ती त्या हाताकडे बघतच राहिली.

"वाटंत पडला," ती म्हणाली. "वसुताई, वाटंत पडला गं!"

आणि मी काय केलं? मी तिच्याबरोबर शोधायला गेले. हो. मैदानापासून वसतिगृहापर्यंत सगळा रस्ता. ती सायकल हातात धरून पुढे, रडत, भेटेल त्याला विचारत — "मामू, काळा, जाड, बुटावानी काही दिसलं का?" — आणि मी मागून गटारीत वाकून बघतेय. एका फळवाल्याची हातगाडीसुद्धा मी बाजूला करायला लावली. चोर तो चोर वर शिरजोर म्हणतात, मी त्याच्याही पुढची. परत आलो तोवर निवड करणारे कागद आवरत होते. आमच्या क्लबच्या सरांनी एका किकरवर तिला उभं करायला साफ नकार दिला, आणि त्यात त्यांचं काय चुकलं? निवड करणाऱ्यांतला एक जण मात्र म्हणाला, "जिला सामान सांभाळता येत नाही, ती गोल काय सांभाळणार?" सगळे हसले. मीही हसले. तोंडावर हात ठेवून, पण हसले.

दोन दिवसांनी शोभा आमच्या घरी आली. माफी मागायला. क्लबाचं किट अर्धं झालं, आता मी राज्याकडून खेळणार तर माझी पंचाईत होणार, याची तिला काळजी! स्वतःचं गेलं त्याचं नाही. आईनं चहा केला. शोभा बसली होती तिथं तिच्या डोक्यावर माळा होता, माळ्यावर जुन्या गाद्या, आणि गादीच्या घडीत तो किकर. ती खाली मान घालून म्हणाली, "माझ्यामुळं लई घोळ झाला वसुताई. मी बघायला पायजे व्हतं." मी तिच्या पाठीवर हात ठेवला. म्हणाले, "जाऊ दे गं, होतं असं." ती गेल्यावर आई म्हणाली, पोर गुणी आहे. आणि मला त्या क्षणी राग आला — शोभाचा! कशाला आली? कुणी बोलावलं होतं हिला?

त्या वर्षअखेरीला तिनं वसतिगृह सोडलं, वर्षभरात लग्न झालं. मी राज्याकडून खेळले, देशभर हिंडले, खेळाडूंच्या राखीव जागेवर नोकरी लागली, त्या नोकरीवर हे घर उभं राहिलं. सत्कारांत लोक माझ्या शांतपणाचं कौतुक करतात. एका भाषणात तर "मॅडमचा प्रामाणिक खेळ" असं ऐकलं. मी उठून का नाही ओरडले? शाल खांद्यावरून घसरत होती, ती सावरत बसले.

इथवर कदाचित मी पचवलंही असतं. लोक याहून वाईट पचवून ढेकर देतात. पण गेल्या वर्षी शोभा परत आली. पाचोडच्या आठवडी बाजारात तिचं कापडाचं दुकान आहे, अंग भरलंय, हसणं तेच. बरोबर मुलगी, अंकिता. "वसुताई, हिला तुझ्या हाताखाली घे. माझं तर राहिलं." त्यानंतर दर रविवारी दोघी पाचोडहून एसटीनं येतात. पोरगी आईसारखीच गोल सोडून पुढे धावते. हल्ली प्रत्येकीचं स्वतःचं किट असतं, छान चेनची बॅग असते. तरी सराव सुरू व्हायच्या आधी शोभा ती बॅग जमिनीवर रिकामी करते आणि मोठ्यानं मोजते. पॅड दोन. मोजे दोन. किकर एक, किकर दोन. अंकिता वैतागते, बाकीच्या मुली हसतात. मग शोभा त्यांना गोष्ट सांगते — माझ्या समोर उभी राहून, माझ्याकडे हात करून — "मोजून घ्यावं बायांनो. मी लई गबाळी व्हते. या ताईनं कितींदा सांगितलं व्हतं पोतं शिव म्हणून, मी ऐकलं नाय. तरी मला एक शब्द बोलली नाय ती."

तीस वर्षं. माझ्या चोरीचा दोष तिनं स्वतःच्या अंगाला लावून घेतला, त्याची शिकवण केली, पोरीला दिली. आणि मी शिट्टी फुंकते, "चला, पळा दोन चकरा!"

मला चीड येते. त्या हसणाऱ्या निवड करणाऱ्याची येते, शर्टवाल्यांची येते, बर्फावर उभं राहून डोळे पुसणाऱ्या त्या बिचाऱ्या परक्या माणसाचीसुद्धा येते. सगळी खोटी चीड. खरी एकाच बाईची आहे, आणि ती रोज सकाळी माझ्या आरशात केस विंचरते.

किकर अजून आहे माझ्याकडे. फेकता आला असता, तेवढंही धाडस झालं नाही. फोम पिवळा पडलाय, एक पट्टी उंदरांनी खाल्लीय. काल माळ्यावरून काढला. कार्यक्रम रविवारी दुपारी आहे, शोभा माझ्यासाठी दुकानातली पैठणी काढून ठेवतेय असं अंकिता बोलून गेली. मी शनिवारीच सकाळच्या एसटीनं पाचोडला जाणार आहे, किकर पिशवीत घालून. शर्ट चढेल की नाही, ती दार उघडेल की लावेल, पोरगी पुन्हा सरावाला येईल की नाही, ते त्यांचं त्या बघतील. माझ्याजवळ बोलण्यासारखं एवढंच आहे —

शोभा, तुझ्या पोत्यातून वाटेत काही पडलं नव्हतं. मी त्यात घातलंच नव्हतं.