काळी चार, पांढरी चार

आमच्या घरात वरच्या पट्टीत बोलणारी एकच व्यक्ती, आणि तीच वरच्या पट्टीत गायचीसुद्धा. काळी चार, म्हणजे पेटीवरची चौथी काळी पट्टी, हा बायकोचा सूर. भवानीनगरपासून इंदापूरपर्यंत नात्यातल्या कुठल्याही लग्नात ती गायला उभी राहिली की पेटीवाले तात्या न विचारता तिथंच बोट ठेवायचे. गेल्या वर्षी तिच्या गळ्याचं ऑपरेशन झालं आणि आवाज खाली आला. भाचीचं लग्न तोंडावर होतं. "बसक्या आवाजात गायचं, त्यापरीस गप बसलेलं बरं," तिनं जाहीर करून टाकलं. तिचं गाणं कायमचं सुटेल, अशी मला धास्ती वाटली.

आमची लेक बारामतीत व्हायोलिन शिकते. लग्नात ती आईला साथ करणार होती. तिला वाचता येतं ते पाच रेघांवरचं इंग्रजी लिखाण, आणि आईचं गाणं सगळं सारेगममध्ये. ते रेघांवर चढवायचं काम माझ्या गळ्यात पडलं. मी एमआयडीसीत दुधाचं फॅट तपासतो. संगीताशी माझा संबंध टाळ्यांपुरता. तरी एक फुकटचं सॉफ्टवेअर उतरवून घेतलं. त्याला काळी-पांढरी काही कळत नव्हतं, त्याचा सगळा कारभार एबीसीडीत. माउसनं एकेक स्वर रेघेवर बसवता बसवता माझी मान आखडली. पण त्यात अख्ख्या गाण्याची पट्टी एका दमात बदलायची सोय होती. मी गुपचूप गाणं तीन सूर खाली उतरवायला गेलो आणि बाण नेमका वरचा दाबला. लेकीनं वाजवायला घेतलं तर व्हायोलिन किंचाळलं.

"पप्पा, मम्मीला परत दवाखान्यात पाठवायचंय का?"

दुसऱ्या खेपेला नीट उतरलं: काळी चारवरून पांढरी चारवर. लेकीला मी गप्प राहायला सांगितलं. पोरीचा सराव होऊ दे, एवढ्याच बोलीवर बायको गायला बसली.

"पट्टी कुठली हाय?" तिनं विचारलं.

"चार," मी म्हणालो. यात खोटं काही नव्हतं. रंग तिनं विचारला नाही. रोज थोडं थोडं गाता गाता तिचा आवाज मोकळा होत गेला, लग्नात गायलाही ती तयार झाली, आणि मी आपल्याच हुशारीवर खूश होऊन फिरत होतो.

लग्नाच्या दिवशी इंदापूरच्या कार्यालयात अक्षता पडल्या आणि तिला स्टेजवर बोलावलं. तात्यांनी सवयीनं काळी चारवर बोट ठेवलं. त्यांना सांगून ठेवायचं मी साफ विसरलो होतो. समोर तिचं सगळं माहेर बसलेलं, माईक चालू, आणि बायको तात्यांकडे वळली.

"तात्या, पांढरी चार द्या."

"अगं, तुजी तर काळी चार हाय की."

"व्हती," ती म्हणाली, आणि गायला लागली.