चिंचेने घासलेली इक्विटास

त्या प्रकरणाला वर्षे लोटली, तरी ते ब्राँझचे नाणे माझ्या नजरेसमोरून हललेले नाही. इंग्लंडमधल्या मिल्टन कीन्सच्या पोलीस ठाण्यात, मराठी घरात वाढलेला मी, तेव्हा तपास अधिकारी होतो. एका नाणेविक्रेत्याने फोनवर खबर दिली: एक भारतीय तरुण बऱ्याच रोमन नाण्यांचा भाव विचारून, एक नमुना ठेवून गेला आहे आणि तो नमुना चक्क लखलखीत आहे.

नाणे पाहताच माझा पारा चढला. शतकानुशतकांचा हिरवा थर कोणीतरी घासून काढला होता! एका बाजूला सम्राट. दुसऱ्या बाजूला हाती तराजू घेतलेली स्त्री. ही इक्विटास, न्याय्य व्यवहार या सद्गुणाची रोमन मूर्ती. तिच्या वस्त्राच्या चुणीत लाल कण अडकला होता. प्रयोगशाळेची गरज नव्हती. ते कुंकू होते.

तरुण पुण्याचा, सॉफ्टवेअरमधला, वर्क व्हिसावर आलेला. एकाच जागी सापडलेली इतकी नाणी इथल्या कायद्याने खजिना ठरतात, परस्पर विकता येत नाहीत. अशा खजिन्याची चौकशी करणाऱ्या सरकारी अधिकाऱ्याला, कॉरोनरला, दोन आठवड्यांत न कळवणे हा गुन्हा. तो शाबीत झाला असता, तर व्हिसा गेलाच असता. कायदेशीर समज देऊन, टेप सुरू करून मी विचारले.

"सर, कार बूट सेलमध्ये घेतली." म्हणजे गाडीच्या डिकीतून जुन्या वस्तू विकतात त्या बाजारात.

"कोणाकडून?"

"आठवत नाही."

खोटे बोलणारा तपशील विचारला की पाणी मागतो. याने दोनदा मागितले.

घरी त्याची आई भेटली, दिवाळीसाठी आलेली. मायक्रोवेव्हवर मांडलेल्या देवांपुढे उरलेली नाणी ताम्हनात होती.

"बाजारातून आणली म्हणून सांग, असं सकाळी पढवून गेलाय मला," त्या म्हणाल्या आणि ताम्हनातल्या एका नाण्याकडे बोट दाखवले. "पण साहेब, हिच्या हातात तराजू आहे. हिला हळदकुंकू वाहिलंय मी. हिच्यासमोर खोटं कसं बोलू?"

मी इक्विटास कोण ते सांगितले.

"म्हणजे तुमच्याच खात्यातली की!"

मग त्यांनी सारे सांगितले. धातुशोधक यंत्र घेऊन शेते धुंडाळण्याचा मुलाला छंद. मालकाला विचारून धनत्रयोदशीला त्याने ही नाणी काढली. "हिरवी, किटलेली होती हो. लक्ष्मीपूजनाला चिंच लावून मीच घासली. त्याला बोलू नका."

मी मनात तिथी मोजल्या. भाऊबीज नुकतीच झाली होती. मुदत संपलेलीच नव्हती! शेतमालकाने परवानगीला दुजोरा दिला, आणि मुलाने त्याच दुपारी कॉरोनरला कळवले. स्वतःच्या थापेवर अडून बसता, तर तो हकनाक बुडाला असता.

ते नाणे आज एका संग्रहालयात आहे. खाली पाटी: 'अयोग्य सफाईने खराब झालेले.' या पाटीविरुद्ध मी आजवर अनेक निषेधपत्रे धाडली आहेत, पुढेही धाडीन. चिंच लावायला नको होती, हे मलाही मान्य. पण सद्गुण कोरलेली नाणी ढिगाने सापडतात. त्या सद्गुणाचा धाक मानणारे माणूस मला साऱ्या नोकरीत एकदाच भेटले.