नेलपॉलिशचे ठिपके

जावेदच्या नावाचा निखारा कचरू दाभाडेच्या पोटात आधीपासूनच होता. त्यावर फुंकर घातली ती बायकोनं. खुलताबादला एका लग्नात जावेदची बेस गिटार ऐकून परतताना आवडाबाई सहज म्हणाली, "त्यो वाजवतो तवा पोटात कालवतं बघा. तुमचं बी लई चांगलं असतं, पण तसं व्हत नाय." झालं. कचरूला पुढं कितीतरी दिवस जेवण गोड लागलं नाही.

आणि का लागावं? शहरातल्या ऑर्केस्ट्रात बिनपट्टीची बेस पहिल्यांदा आणली कुणी? कचरूनं! साध्या गिटारीच्या दांडीवर धातूच्या पट्ट्या असतात. दोन पट्ट्यांमध्ये बोट दाबलं की सूर मुकाट येतो. कचरूनं त्या पट्ट्या पकडीनं उपटल्या, खाचांत भुसा आणि गोंद भरला. आता सूर मऊ झाला खरा, पण सापडेना. मग त्यानं गिटार मांडीवर आडवी घेतली आणि दांडीच्या कडेला बायकोच्या नेलपॉलिशनं ठिपके दिले. शहाण्यानं ठिपके दिले बसून आणि वाजवायचा उभं राहून! वरून पाहिलं की बोट ठिपक्याच्या जरा अलीकडं पडे, सूर उतरे आणि कचरू घाईघाईनं बोट सरकवून त्याला जागेवर नेई. अशी वर्षं गेली. चोरी कुणी पकडली नाही, असं त्याला वाटे.

मग खुलताबादचा जावेद आला. कचरूच्याच स्टेजसमोर उभं राहून शिकलेला. त्याच्या दांडीवर ठिपके नव्हते आणि वाजवताना तो डोळे मिटून घेई. कचरूला आधी खुपले ते मिटलेले डोळेच. मत्सरापायी त्यानं सगळे ठिपके खरवडून काढले आणि रोज गच्चीवर बसून बोटांना वळण लावलं. शेवटी सूर नेमका बसू लागला, केसभरही इकडं तिकडं नाही. तरी लग्नंही जावेदला, कव्वाल्याही जावेदलाच. वरून आवडाबाईचं ते पोटात कालवणं!

अशात प्रेरणा नावाची मुलगी घरी आली. ती शहरातल्या बेस वाजवणाऱ्यांचे व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकायची. प्रत्येकाला एकच सवाल: तुमचे आवडते बिनपट्टीचे बेसवाले कोण, आणि त्यांची शैली काय?

कचरू खुलला. "हबीबभाई. अल्ला त्यांना जन्नत देवो. लई कमी वाजवायचे. तोंडात पान ठेवून मोठा माणूस बोलतो, तसं. दुसरा आमचा ऋतुराज. घाईचा हाय, पण गोड."

"आणि जावेद, काका?"

"बरा हाय," कचरू म्हणाला. "घसरतो लई. सूर सापडत नसला की माणूस घसरतो."

हे बोलून त्याला फार बरं वाटलं. पाचोडच्या पाहुण्यांनाही त्यानं फोन करून सांगितलं, व्हिडिओ बघा म्हणून.

व्हिडिओ आला त्या दुपारी दोघं नवराबायको मोबाईलसमोर बसले. कचरूचं बोलणं संपलं आणि जावेद दिसला. तोच सवाल. गुरूचं नाव घेताना लावतात, तसा जावेदनं हात कानाला लावला.

"एकच. कचरूभाऊ. ते सुराच्या जरा खाली उतरायचे, अन् मग हळूच सरकत वर जायचे. माणूस फाट्यावर उतरून घराकडं चालत जातो ना, तसं. मी जे वाजवतो ते सगळं त्यांचंच हाय. आजकाल ते तसं वाजवत नाहीत. का सोडलं, काय माहीत. मोठ्या माणसाला कसं विचारणार?"

कचरूचे कान तापले. ज्या गोष्टीवर तो इतकी वर्षं जळत होता, ती त्याचीच होती. आणि ती घसरण आहे, हे त्यानं आत्ताच सगळ्या शहराला सांगून ठेवलं होतं.

"व्हय की," आवडाबाई हळूच म्हणाली. "पयलं तुमचं ऐकताना बी कालवायचं. मग बंद झालं. मला वाटलं, माझंच वय झालं."

कचरू उठला. भिंतीवरची गिटार गळ्यात घातली. "आवडे, ती नेलपॉलिश हाय का गं?"

"ती कवाच वाळली."

तो उभा राहिला, डोळे मिटले, आणि बोट मुद्दाम जरा अलीकडं टाकायला गेला. तार वाजली. सूर अगदी बरोबर आला.